दिवा न लागलेलं घर

कंदील जरा अलीकडे सरकवा. वात बारीक करू नका, असू द्या तेवढी मोठी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी दिवसाउजेडीच सांगत आलो आहे.

हे सगळं निजामाच्या अमलातलं. तेव्हा आमच्या तेलगावच्या बाजूला मोटार आली की लोक हातातलं काम टाकून बांधावर उभे राहायचे आणि कुत्री शिवेपर्यंत पोचवायला यायची. ती मोटार माझी होती. हैदराबादहून जुनीच घेतलेली, पण मी तिला नव्या नवरीसारखा जपायचो. चालवायला माणूस ठेवला नाही. आमच्या थोरल्या भावाचं म्हणणं, पाटलानं स्वतः गाडी हाकली तर मान जातो. माझं म्हणणं, मोटार दुसऱ्याच्या हातात दिली तर मोटारच जाते.

गाडीत चालवणाऱ्यासमोर घड्याळासारख्या दोन-तीन काचा होत्या आणि त्यांच्या बाजूला बोराएवढा एक लाल दिवा. चावी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की आपोआप जायचा. ज्या मिस्त्रीनं मला गाडी शिकवली, त्यानं निघताना त्या दिव्यावर बोट ठेवून बजावलं होतं, "चलते चलते ये लाल बत्ती लगी तो समझो अंदर तेल नहीं पटेल. वहींच रुको, इंजन बंद करो. सामने खुद की बारात खड़ी रही तो बी एक कदम आगे नक्को." माझं लग्न झालेलं होतं, म्हणून मी हसलो होतो.

त्या दिवशी मी निघालो ते बहिणीकडे तुरीच्या ओल्या शेंगा पोचवायला. मार्गशीर्षाचे दिवस. कापसाच्या गाड्या रस्त्यानं चाललेल्या, हवेत गारवा. सुंदरबाई तेलगावात दिलेली. तिचे यजमान मोहनराव कोर्टाच्या कामाला बीडला गेलेले होते. मी दारात शेंगांचं पोतं उतरवतो आहे तोच ती घरातून धावत आली.

"दादा, दगडाला बघ रे... पोरगी कशी करायलीय बघ."

दगडा म्हणजे माझी भाची. तिच्या आधीची लेकरं राहिली नाहीत, म्हणून हिला मुद्दाम दगडाचं नाव ठेवलेलं. दगडाला कोण उचलून नेतंय, असा त्यातला हिशेब. सहा-सात वर्षांची ती पोर खाटेवर मान मागं टाकून पडली होती. गळा सुजलेला, ओठ निळसर, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज. गावचे वैद्य बाहेर ओट्यावर बसले होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "घटसर्प हाय. माझ्या हातातलं न्हाई आता. अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात सुई हाय म्हनत्यात. लई येळ लावू नका."

सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद म्हणत. आम्ही अंबाजोगाईच म्हणायचो. बैलगाडीनं तिथं पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. मोटारीनं, सगळं नीट झालं तर, रात्रीच्या जेवणवेळेच्या आत. मागच्या सीटवर वाकळ अंथरली, सुंदरबाई लेकराचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी हँडल मारलं. घाईत एक गोष्ट राहिली. इंजिनात घालायच्या तेलाचा डबा मी अंथरुणाला जागा करताना खाली काढला होता. तो ओट्यावरच राहिला.

धारूरचा घाट चढायला लागलो तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर उरलेलं होतं. खालची दरी निळी पडत चाललेली. रस्ता मुरुमाचा, वळणावळणाचा, मध्येच धोंडे वर आलेले. एकदा गाडीच्या पोटाला काहीतरी जोरात लागलं. मी मनात म्हटलं, काही नाही. मागून तो शिट्टीचा आवाज येतच होता. तो ऐकू येतोय तोवर बरं, असं धरून मी चाललो होतो.

अर्ध्या चढावर, ऊन पार विझल्यावर, समोरचा लाल दिवा लागला.

सुंदरबाईनं मागून पाहिला, आणि सवयीनं दोन्ही हात जोडले. "दिवा लागला," ती पुटपुटली. "आई जोगाई, लेकराला सांभाळ."

आता सांगा, अशा वेळी माणसानं हसावं की रडावं? आमच्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे, एवढंच तिला ठाऊक. तिच्या मते हा शुभशकुन. आणि मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कावून थांबलास?"

"तेल संपलंय. असंच चालवलं तर इंजिन जाम होईल."

"थांबू नको रे दादा... जाईल तेवढी जाऊ दे. तुला गाडीचं पडलंय व्हय?"

ते मला फार लागलं. तिला कसं सांगू, की गाडीची माया मी केव्हाच सोडली होती? इंजिन जळालं तर ते याच चढावर जळणार, आणि मग पुढे कशानं जायचं? मी खाली उतरलो.

इंजिन थांबलं तसा घाटाचा आवाज अंगावर आला. म्हणजे आवाज नव्हताच. एक पाखरू नाही, रातकिडा नाही. त्या शांततेत फक्त लेकराच्या घशातली ती शिट्टी. मी गाडीखाली आडवा झालो. तेलाच्या टाकीचा खालचा बूच धोंड्याच्या मारानं ढिला झाला होता आणि मागं रस्त्यावर काळी धार लांबवर दिसत होती. चिंधी गुंडाळून, पान्यानं बूच आवळला. गळती थांबली. पण आत थेंब उरला नव्हता.

वर टेकाडावर चार घरांची वस्ती होती. दिवे नुकतेच लागलेले. सुंदरबाईची रिकामी चरवी घेतली आणि पायवाटेनं धावत वर गेलो. पहिल्याच दारात एक म्हातारा बसलेला, धुळाजी त्याचं नाव. मी लेकराचं आणि तेलाचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाला, "दिवा लागला की हो पाटील."

"म्हणून काय झालं?"

"दिवा लागल्यावर घरातलं तेल देत न्हाईत. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. तेल, मीठ, दही, सुई, दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर जात नाही. घरची लक्ष्मी जाते. माझ्या घरी कुणी आलं असतं तरी माझ्या आईनं दिलं नसतं. पण त्या घटकेला मला ते ऐकवेना. पाया पडलो, ओरडलोसुद्धा. दुसऱ्या दारात गेलो, तिसऱ्या दारात गेलो. वाईट माणसं नव्हती ती. एका बाईनं लेकरासाठी गरम पाणी देऊ केलं. धुळाजी म्हणाला, बैल जुंपून देतो, लेकाला संगं देतो. फक्त तेल नाही. "उजाडल्यावर मागल तेवढं न्या," म्हणाला.

उजाडेपर्यंत काय होणार ते मला दिसत होतं. रिकामी चरवी घेऊन मी खाली निघालो. पायवाट आता नीट दिसत नव्हती. आणि वाटेच्या अंगाला, जिथं येताना मला काहीच दिसलं नव्हतं, तिथं एक घर होतं.

घरात दिवा नव्हता. पण उंबऱ्यावर कुणीतरी बसलं होतं. आधी मला वास आला. एरंडी भाजून, कुटून, पाण्यात उकळतात ना, तो जड, कडवट वास. मग आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा.

"तेल पायजे?"

मी जागीच थांबलो. "हो मावशी."

"त्यांनी दिलं न्हाई."

"दिवा लागला म्हणाले..."

"हां. तुझ्याबी गाडीत लागला. म्हनून थांबलास. बेस केलंस."

मी गाडीतल्या दिव्याचं तिला बोललो नव्हतो. वस्तीतही बोललो नव्हतो. मला कळत होतं, की इथून निघावं. पण चरवी रिकामी होती. मी ती पुढे धरली.

"आमच्यात आजून दिवा लागला न्हाई," ती म्हणाली. "म्हनून देता येतंय."

तिनं मडकं उचललं. तेल घट्ट असतं, पडताना आवाज करत नाही म्हणा, पण चरवीला मडक्याचा काठ टेकला त्याचाही आवाज आला नाही. चरवी फक्त जड होत गेली आणि गार. इतकी गार, की बोटं बधिर झाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि खरं सांगतो, मी तो बघायचा प्रयत्नही केला नाही.

"एरंडेल हाय. गाडीच्या आसाला चालतं, तुझ्या गाडीलाबी चालंल. लोखंडच की ते." मग एकदम हळू आवाजात, "लेकराचं नाव काय?"

तिन्हीसांजेला परक्याला लेकराचं नाव सांगू नये म्हणतात. माझ्या तोंडून निघून गेलं. "दगडा."

खालून ती शिट्टी ऐकू येत होती, आणि मला वाटलं, तीही तेच ऐकते आहे.

"शानं नाव ठिवलंय," ती म्हणाली. "जा... पळ."

मी पळालो. चरवी सांडू न देता माणूस किती पळू शकतो तेवढा पळालो. इंजिनात बैलगाडीचं तेल ओतलं. मिस्त्रीनं पाहिलं असतं तर कान उपटला असता. हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा मारलं. सुरू झालं. मी धावत समोर येऊन बसलो आणि त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिलो.

तो मिणमिणला आणि गेला.

सुंदरबाईला आता कोण सांगणार, की दिवा जाणं हाच शकुन! तिनं भीतीनं माझा खांदा धरला. मी म्हटलं, "घाबरू नको, आता जातो आपण." तिथून पुढे गाडी अशी चालवली, की आत लोणी ठेवलं असतं तरी हललं नसतं. जोर केला नाही, इंजिनाला ओरडू दिलं नाही. एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या काचेवर. धारूर मागं पडलं, आडस मागं पडलं. सगळ्या वाटेत गाडीच्या धुराला एरंडेलाचा वास येत होता, आणि मला राहून राहून वाटत होतं की मागं वळून बघू नये. लाल दिवा पुन्हा लागला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि म्हणाले, आता वाट बघायची. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पहाटे कधीतरी शिट्टी थांबली. उठून बघतो तर पोर तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, गाढ झोपली होती. सुंदरबाई माझ्या छातीवर डोकं टेकून रडली. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

पोरीला घरी न्यायची परवानगी मिळाली, तेव्हा मी बाजारातून चरवी भरून एरंडेल घेतलं. उसनं घेतलेलं तेल भरल्या भांड्यानंच परत करायचं असतं. शिवाय एक पणती घेतली. त्या बाईच्या घरी दिवा लावायला साधी पणती नसेल, असं माझ्या मनात आलं होतं.

भर दुपारी त्या वळणावर आलो. बहीण-भाचीला गाडीत ठेवून वाट चढलो. घर नव्हतं. गुडघाभर उंचीच्या भिंती, त्यांच्यावर गवत, आणि आत, जिथं चूल असेल, देवळी असेल, तिथं एरंडाची रानटी झाडं माणसापेक्षा उंच वाढलेली. उंबऱ्याचा दगड तेवढा जागेवर होता. स्वच्छ होता, कुणी रोज बसत असावं असा गुळगुळीत.

वरून धुळाजी उतरून आला. पोरगी वाचली ऐकून त्याचा चेहरा उजळला, आणि हातातली चरवी पाहून पडला.

"सत्यभामानं दिलं व्हय," तो म्हणाला. विचारलं नाही त्यानं, नुसतं म्हणाला.

मग तो सांगू लागला, थांबत थांबत. त्याच्या लहानपणीची गोष्ट. सत्यभामाला एकच लेक. तिचाही घसा असाच धरला. कुणी जाणता माणूस आला होता, पण घशात बघायला उजेड नव्हता. त्या दिवशी घरातलं तेल संपलेलं. दिवेलागण झालेली. ती प्रत्येक दारात गेली.

"माझ्याच बापानं सांगितलं तिला, उजाडल्यावर ये. मी हितं त्याच्या मांडीवर बसलेलो." धुळाजीनं डोळे पुसले. "लेक रातीतच गेली. उजाडल्यावर समद्यांनी तेल नेऊन दिलं. तिनं घेतलं. पर त्या घरात पुन्हा दिवा लावला न्हाई तिनं. म्हातारी होऊन मरंस्तोवर आंधारात बसायची."

मी चरवी उंबऱ्यावर ठेवली. पणतीत तेल घातलं, वात ठेवली, काडी काढली. धुळाजीनं माझं मनगट धरलं.

"दिवा नका लावू पाटील. तिच्यात दिवा लागला, तर तीबी तेल द्यायची बंद व्हील. मग आडलेल्यानं जायचं कुनाकडं?"

मला असा संताप आला म्हणता! "तुमच्याकडं!" मी ओरडलो. "तुमच्याकडं यायचं, धुळाजी! मेलेल्या बाईनं जिवंत माणसांचं काम किती वर्षं करायचं?"

त्याचा हात गळून पडला. तो बिचारा वर गेला, आणि मला वाईट वाटलं. काडी मात्र मी ओढली नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. पणती तशीच ठेवून आलो.

त्यानंतर चैत्रात, जत्रेहून परतताना, मी पुन्हा तो घाट उतरत होतो. मागं सुंदरबाई आणि तिच्या शेजारी दगडा, गुलालानं माखलेली, अखंड बडबडणारी. त्या वळणावर एक बैलगाडी अडलेली. आस कोरडा पडून चाक कुरकुरत, धूर काढत थांबलं होतं. गाडीवान अंधारात हात चोळत उभा. मी गाडी थांबवून उतरलो. वर वस्तीत दिवे लागलेले दिसत होते.

आणि वरून एक कंदील हलत हलत खाली आला. धुळाजी होता. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात तेलाची बुधली.

माझ्याकडे बघून तो ओशाळं हसला. "सुनेनं लई आरडावरडा केला," म्हणाला. "म्हनलं, जाऊ दे लक्ष्मी जायची तर. येती पुन्हा." त्यानं बसून आसाला तेल लावलं.

तेवढ्यात बैलांनी कान टवकारले. आम्ही तिघांनीही एकदमच तिकडे पाहिलं.

पडक्या भिंतींच्या आत, एरंडाच्या पानांमागं, एक लहानसा दिवा लागला होता. वाऱ्यानं पानं हलत होती, ज्योत हलत नव्हती. वाटेवर माणूस नव्हतं. धुळाजीनं बुधली खाली ठेवली आणि तिकडे तोंड करून हात जोडले. तो रडत होता, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मलाही एकदम हलकं वाटलं. लागला, मी मनात म्हटलं, एकदाचा लागला.

कुणी आवाज दिल्याचं मला ऐकू आलं नाही. धुळाजीलाही नाही, गाडीवानालाही नाही. आम्ही नंतर एकमेकांना विचारलं. पण मोटारीत दगडाची बडबड मध्येच तुटली. ती सीटवर उभी राहिली, त्या उजेडाकडे बघितलं, आणि आईनं घरात बोलावल्यावर पोरं म्हणतात तसं, अगदी सहज, मोठ्यानं म्हणाली,

"आले गं!"

सुंदरबाईनं तिला ओढून छातीशी धरलं. मी गाडी सुरू केली आणि तेलगाव येईपर्यंत ती कुठं थांबवली नाही.

एरंडेलानं त्या जुन्या इंजिनाला काही झालं नाही. पुढे तो मिस्त्री म्हणाला, की लढाईत विमानांनाही हेच तेल घालायचे. वस्तीत आता रात्री-अपरात्री कुणीही तेल मागावं, देतात. दगडा मोठी झाली, सासरी गेली, सुखात आहे, लेकुरवाळी आहे. मी अधूनमधून तिच्याकडे जातो. दिवेलागणीला ती पोरांना हाका मारते, "दिवे लागले, घरात या रे!" पोरं ओरडत आत येतात. सगळी आली की ती उंबऱ्यात एकटी थोडी थांबते. धारूरच्या डोंगराकडे तोंड करून, सत्यभामाला सांगावं तसं, हळूच, पण हसून म्हणते, "आले गं." आणि दार लावून घेते.